किमान तेहतीस

माही बहीण रुपीबाई मेली तवा भगवानराव मयतीले आला. पांढरे फक कपडे, खांद्यावर दुपट्टा. सारा तांडा बसला व्हता. चिता पेटवाच्या आंधी तो आमच्या नाईकाच्या कानाशी वाकला अन् सगळ्याइले ऐकू जाईन अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाला, "घेत असंन थोडी रातची. तेच बाधलं."

रुपी! नवरा गेल्यापासून चहात साखर घेत नवती ते बाई, चैन वाटे तिले. अन् हा तिच्या तोंडाले दारूचा वास लावून राह्यला, तेबी ते उठून जवाब देऊ शकत नाई तवा.

तिथंच म्या मनात म्हटलं, भगवानराव, तुह्या याच तोंडातून खरं काढीन. कसं काढीन ते ठाऊक नवतं.

मी धरमसिंग. दारव्हा ते नेर जीप चालवतो. शाळा तिसरीलोक. रुपी माह्याहून मोठी, याडी, म्हणजे आमची माय, गेल्यावर तिनंच मले वाढवलं. भगवानरावाच्या दालमिलमंदी ते तूर निवडाले जाये. मिल दारव्ह्याच्या बाहेर, रोडले लागून. टिनाचं लांबच्या लांब गोडाऊन, समोर एक लोखंडी शटर, बस. खिडकी नाई, झरोका नाई. मांगं भगवानरावाचा बंगला. सीझनमंदी रुपी अन् आमच्याच तांड्यातली हंसाबाई, ह्या दोघी गोडाऊनमंदीच झोपत. राखणीले म्हणून ठेवलेल्या, पण दिवे लागले का भगवानराव शटर खाली ओढे अन् बाहेरून कुलूप ठोके. राखण करणारीवरच राखण. पंख्याचं मेन स्विच बंगल्यात. तेबी झोपाच्या आंधी खट्ट करून बंद.

मांगच्या मे महिन्यात एका सकाळी शटर वर गेलं, तं रुपी तुरीच्या पोत्याले टेकून बसेल. बसेलच राह्यली. डॉक्टरनं अटॅक लिहिला.

मी ठाण्यात गेलतो. भगवानराव माह्या आंधी पोचला व्हता, खुर्चीवर पाय हालवत. म्हणे, "साहेब, शटर अर्धं उघडं व्हतं. हवा खेळत व्हती. अन् त्या दिवशी तपन कुठं व्हती? आभाळ आलतं. आदल्या हप्त्यात पंचेचाळीस व्हतं तवा नाई मेली, अन् आभाळात मरन काय?"

साहेब माणूस बरा व्हता. म्हणाला, "धरमसिंग, शटर बंद व्हतं असं पाह्यलेलं कोणी असंन तं आण. लिहून घेतो."

कोणाले आणू? आत दोनच जणी व्हत्या. एक चितेवर गेली. दुसरी हंसाबाई, तिची वाचाच बसल्यावानी झालती. इचारलं का पदर तोंडाले लावून घरात. तिचा माणूस म्हणे, "धरमभाऊ, नको इचारू. दोन दिवस जेवत नाई मंग ते."

तेराव्याच्या दिवशी भगवानरावानं चौकात फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली. रुपीचा फोटो आधारकार्डावरचा, बिब्याएवढा. अन् खाली हात जोडून भगवानराव, म्हशीएवढा. माही जीप रोज त्याच्याखालून जाये. मांगचे पॅसेंजर मोठ्यानं वाचत, "शोकाकुल, भगवानराव मित्रमंडळ." एक बाई तं म्हणाली, "मालक किती चांगला पाह्य. मजुराचा बी फ्लेक्स लावला." म्या गेअर असा घातला का तिचं डोस्कं वरच्या पाइपले लागलं.

आमच्या तांड्यात नसाब बसला. नसाब म्हणजे आमची पंचायत. इंद्रजित नाईक पाय दुखते म्हणून बाजेवर बसते, पण बोलते सरळ. म्हणाला, "आपल्या बाईवर त्यानं दारू ओतली. ते जोलोक तो आपल्या तोंडानं पुसत नाई, तोलोक तांड्यातली एकबी बाई त्या मिलमंदी पाय ठेवणार नाई."

तसंच झालं. मिलमंदी तूर पडून राह्यली. भगवानरावानं पुसदकडून बाया आणल्या, त्या चार दिवसांत पळाल्या. नेरकडून आणल्या, त्याइनं इचारलं, "इथंच मेलती काय ते?" अन् वापस गेल्या. मंग त्याचा निरोप येऊ लागला. मिटवून टाका म्हणे. इंद्रजित नाईक म्हणे, "मिटवाले भांडण लागते. इथं तं मुर्दा हाय."

पण माह्या डोक्यात त्याचं तेच वाक्य घोळून राह्यलं. तपन कुठं व्हती? रोज गाडी चालवतो मी, मले तपन ठाऊक नाई काय? पण त्या दिवशी आभाळ खरंच आलतं. मलेबी आठवत व्हतं. सापाच्या अंगावर पाय पडल्यावानी व्हाचं ते आठवलं का.

म्हणून एक दिवस दुपारच्या खेपेनंतर उज्ज्वलाताईच्या दुकानात गेलो. दारव्ह्याले बसस्टँडसमोर तिचं ऑनलाइनचं दुकान हाय. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, सगळं काढून देते. तोंडाची तिखट, पण कोणाले वापस लावत नाई.

म्या इचारलं, "ताई, मांगची तपन सापडते का इंटरनेटवर?"

"मांगची म्हणजे?"

"मांगच्या मे महिन्यात आपल्याइकडं किती व्हती ते."

"सापडते का म्हणजे? तुमच्या जन्माच्या दिवशी किती व्हती तेबी सापडन. जन्मतारीख सांगा."

"आधारवर एक जानेवारी हाय."

"तुमचा सगळा तांडा एक जानेवारीलेच जन्मला काका. याडीइनं मीटिंग घेतलती काय?" असं म्हणून हासली, अन् मंग माह्या तोंडाकडं पाहू लागली. "रुपीबाईसाठी पाहून राह्यले का?"

"व्हय."

तिनं खुर्ची सरकवून दिली. परदेशातली कोणती तरी साइट उघडली. जगाचा नकाशा आला. तो बोटानं मोठा करत करत आपल्या दारव्ह्यावर आणला. म्हणे, "इथं कोणी थर्मामीटर नाई टांगेल, हे ध्यानात ठेवा. जमिनीचे असे चौकोन पाडेल हाये. सॅटेलाइटचं, हवामान खात्याचं, सगळं जुळवून एका चौकोनाचा एक आकडा काढते. आपल्या चौकोनात दारव्हाबी येते अन् तुमचा तांडाबी."

"म्हणजे अंदाजपंचे?"

"अंदाज हाय, पण पंचे नाई. तारीख सांगा."

तारीख म्या सांगतली. पडद्यावर दोन रेघा आल्या, एक लाल अन् एक निळी. मराठी आपोआप होऊन आलती.

"कमाल चाळीस," ताई म्हणाली.

"काय कमाल केली?"

"कमाल म्हणजे जास्तीत जास्त, काका. लाल रेघ. दिवसाचं सगळ्यात जास्त."

चाळीस! आपल्याइकडं मे महिन्यात चाळीस म्हणजे लोक म्हणते, आज हवा बरी हाय. भगवानराव खरं बोलला व्हता. दुश्मन खोटा निघाला तं बरं वाटते, पण खरा निघाला तं माणसाले तोंड लपवाले जागा नाई. मी उठलो.

"निळी तं पाह्या," ताई म्हणाली.

"ते काय हाय?"

"किमान."

किमान हा शब्द मले ठाऊक व्हता. रुपीच वापरे. सगळ्या तांड्यात तिलेच हे असे शब्द लागत, मिलमंदी ऐकून ऐकून. भिया, किमान चहा तं घेऊन जा. भिया, किमान पोचल्यावर निरोप तं धाड. मले वाटे का किमान म्हणजे थोडकं, कमी, जे मागतानी लाज वाटत नाई ते. म्या म्हटलं, "कमीचं काय करू ताई? मले जास्तीचं पाह्यजे."

ते खटखट खटखट करत राह्यली. मंग म्हणे, "काका, बसा जरा खाली. ही साइट लय जुन्या सालापासूनचं दाखवते. म्या आपल्या चौकोनाच्या सगळ्या सालांच्या सगळ्या राती एकाखाली एक लावल्या. सगळ्यात गरम रात सगळ्यात वर. वरची तारीख वाचा."

आकडे मले वाचता येते. रुपीची तारीख व्हती. पुढं तेहतीस.

"तेहतीस?" म्या म्हटलं. "तेहतीस तं काईच नाई."

"तेच तं. सगळ्याइले तसंच वाटते." ताईचा आवाज बदलला व्हता. "हे दिवसाचं नाई. हे पहाटेचं, जवा सगळ्यात गार रायते तवाचं. त्या राती आभाळानं वरून झाकण घातलं. दिवसभराची तपन वर गेलीच नाई. पहाटेलेबी तेहतीसच्या खाली उतरलं नाई. तेबी बाहेर, काका. मोकळ्यात. झाडाखाली. आता टिनाच्या आत किती असंन ते तुमीच सांगा."

मले ते रात आठवली. आमी सगळे बाजा घेऊन बाहेर आलतो. वारा नवता. पोट्टे रडत व्हते, लालीबाई ओल्या लुगड्यानं पोट्ट्याइले पुसत व्हती. कोणी तरी म्हटलं का अशी रात पाह्यली नाई बाप्पा. अन् आमी उघड्यावर पडून कण्हत व्हतो तवा माही बहीण टिनाखाली, पोत्याच्या गर्मीत, शटरमांगं.

"हे ठाण्यात चालन का?" म्या इचारलं.

"रात गरम व्हती एवढं चालन. शटर बंद व्हतं हे साइट कशी सांगन?"

खरं व्हतं. पण मी दुकानातून उतरलो तवा माह्या हातात काई तरी आलतं. ताईनं ते साइट माह्या मोबाइलमंदी टाकून देल्ली. पुढच्या आठ दिवसांचाबी अंदाज दाखवे. लाल रेघ पाह्याचं म्या सोडून देल्लं.

या सालचा मे लागला. दारव्ह्याचा बाजार व्हता. चहाच्या कॅन्टीनवर भगवानराव चार व्यापाऱ्याइच्या मंदी बसला व्हता. मले पाह्यलं तं मोठ्यानं म्हणाला, "ये धरमसिंग, बस. कटिंग घे. किती दिवस फुगून राहशीन? तुह्या तांड्यातल्या बाया तुह्याच जीपनं पाठव, भाडंबी तूच घे."

"पाठवतो ना मालक," म्या म्हटलं. "एक गोष्ट सांगा फक्त. त्या राती तपन नवती म्हणता ना तुमी?"

"नवतीच."

"बरोबर हाय तुमचं. म्या इंटरनेटवर पाह्यलं. त्या रातचं तापमान तेहतीस."

भगवानरावानं चहाचा गिलास टेबलावर आदळला. "पाह्यलं! मी काय सांगून राह्यलो? तेहतीस! अरे, तेहतीसात माही म्हैस डबक्यात बसत नाई." सगळे हासले. एक व्यापारी म्हणाला, "तेहतीस म्हणजे महाबळेश्वरच झालं राजा."

"म्हणजे शटर उघडं असो का बंद असो, माणूस मरत नाई," म्या म्हटलं.

"मुळीच मरत नाई! बंद असतं तरी काय झालं असतं?"

"कोणी झोपून दाखवलं तं आमच्या तांड्याच्या डोक्यात बसन. अडाणी लोक हाये मालक आमी. पाह्यल्याशिवाय पटत नाई."

तो माह्याकडं पाहूनच राह्यला. चार माणसं त्याच्याकडं पाहून राह्यली व्हती. वापस फिराची जागा उरली नवती, अन् तेहतीसची भीती त्याले वाटूच शकत नवती. पंचेचाळीस म्हटलं असतं तं तो हुशार झाला असता.

"मीच झोपतो," तो म्हणाला. "माह्या गोडाऊनमंदी झोपाले मले कायची चोरी? पण सकाळी मी हासत बाहेर आलो तं तुहा नाईक येईन अन् सगळ्याइच्या समोर म्हणन का रुपी आपल्या मरणानं मेली."

"म्हणन. पण तेच तेहतीस पाह्यजे. कमी नाई, जास्त नाई. मी निरोप देतो."

"दे रे दे. रजई घेऊन येतो."

मंग मी वाट पाहात बसलो. रोज संध्याकाळी मोबाइल काढून निळी रेघ पाहाची. अठ्ठावीस. एकोणतीस. लाल रेघ चव्वेचाळीसलोक गेली, लोक हाय हाय करू लागले, पण रातले वारा सुटे अन् निळी खाली बसे. माही बायको म्हणे, "त्या मोबाइलमंदी कोण बसली हाय तुमची?" म्या म्हटलं, "रुपी."

नवतप्यात, मे सरता सरता येते त्या नऊ तापत्या दिवसांत, आभाळ आलं. अंदाजात निळी रेघ चढू लागली. एकतीस, बत्तीस, अन् मंग ते. म्या उज्ज्वलाताईले फोन केला. ते म्हणे, "मीबी तेच पाहून राह्यली. काका, तुमी काय कराचं म्हणता?" म्या म्हटलं, "किमान एक माणूस झोपवाचा हाय."

भगवानरावाले निरोप धाडला. त्यानं आख्ख्या बाजारात सांगून ठेवलं व्हतं, म्हणून नाई म्हणता आलं नाई. दिवेलागणीले मी जीप भरून तांडा घेऊन गेलो. इंद्रजित नाईक पुढच्या सीटवर, मांगं बायामाणसं. अन् सगळ्यात शेवटी, कोणी बोलवलं नसताना, हंसाबाई येऊन बसली. बाजारातले लोकबी आलते, मोटारसायकली लावून. त्याइच्यासाठी तमाशाच व्हता.

भगवानराव बनियान-पायजम्यावर, काखेत उशी. खरंच रजई आणलती हासवाले. मांगून त्याची बायको तानाबाई माठ घेऊन आली. तानाबाई कमी बोलणारी बाई, रुपीले लुगडं देल्लं व्हतं तिनं एकदा.

इंद्रजित नाईकानं इचारलं, "त्या राती आत माठ व्हता का वं तानाबाई?"

तानाबाई खाली पाहू लागली.

म्या म्हटलं, "राहू द्या नाईक. पाण्याशी माही दुश्मनी नाई. घेऊन जा मालक."

"पंखा बंद ठेवजो," भगवानराव बायकोले म्हणाला, लोकाइकडं पाहून डोळा मारत. "नाईतर धरमसिंगले झोप नाई येणार."

"काई वाटलं तं आवाज द्या," म्या म्हटलं. "आमी बाहेरच हावो."

"आवाज कायले? घोरणं ऐकत बसा."

तो आत गेला. म्या शटर खाली ओढलं. दिवसभर तापेल लोखंड, हाताले चटका बसला. कुलूप लावलं, चावी मुठीत घेतली. बाहेर पानबी हालत नवतं. आभाळ असं खाली आलतं का टेकता आलं असतं त्याले. लोक दुपट्ट्यानं वारा घेत बसले, ज्याच्या त्याच्या पाठीवर सदरा चिकटेल. बाहेर हे हाल व्हते.

पह्यले आतून मोबाइलवर गाणे लावल्याचा आवाज आला. लोक हासले. मंग गाणे बंद झाले. मंग पोते सरकवल्याचा आवाज. मंग माठातून पाणी घेतल्याचा, मंग पुन्हा, मंग पुन्हा. मंग पाणी अंगावर ओतल्याचा. अन् मंग काईच नाई.

शेजारच्या घरातली सिरियलबी सुटली नवती तवा तानाबाईचा फोन वाजला. तिनं कानाले लावला. ऐकलं. मंग माह्याकडं आली.

"आतूनच हाय फोन," ते म्हणाली. "लघवी लागली म्हणते यायले. उघडा म्हणते."

मोटारसायकलवाले खो-खो हासले. मी नाई हासलो.

"तिलेबी लागली असंन," म्या म्हटलं.

हासणं तिथंच थांबलं. तानाबाईनं फोन तसाच हातात धरला.

मंग शटर वाजलं. पह्यले बोटानं, सभ्य माणूस दार वाजवते तसं. मंग हातानं. मंग दोन्ही हातानं. "धरम्या! उघड रे! उघड! जीव घुसमटून राह्यला!" शटर असं थडथडू लागलं का रोडवरचे कुत्रे भुंकाले लागले.

मी चावी घेऊन उभा राह्यलो. खरं सांगतो, इतकं मस्त मले आयुष्यात कधी वाटलं नवतं. वर्षभर ज्या आवाजासाठी मी आसुसलो व्हतो तो आवाज व्हता तो. अजून वाजव, म्या मनात म्हटलं. अजून.

तेवढ्यात हंसाबाई उठली. कोणाले काई न इचारता शटरपाशी गेली अन् जमिनीवर बसली. खाली वाकली, जिथं शटर अन् फरशी भेटते तिथं.

"मालक," ते म्हणाली. वर्षभरानं तिचा आवाज ऐकून राह्यलो व्हतो आमी. "मालक, झोपा पालथे. डाव्या कोपऱ्यात फरशी फुटेल हाय. तिथं फट हाय बोटाएवढी. तिथं नाक लावा. तिथूनच येते थोडी हवा. मी तशीच वाचली. फट एकच हाय. रुपीबाईनं मले म्हटलं, तुले लेकरं हाय, तू लाव."

आतून घसटत आल्याचा आवाज आला. मंग फटीतून भगवानरावाचा दम लागेल श्वास, फुस्स फुस्स, कुत्र्यावानी.

मीबी खाली बसलो. फटीपाशी तोंड नेलं.

"मालक, शटर अर्धं उघडं व्हतं का त्या राती?"

"उघड रे... पाया पडतो..."

"म्या इचारलं ते सांगा."

"बंद व्हतं."

"कुलूप?"

"व्हतं. व्हतं कुलूप."

"तिनं वाजवलं व्हतं का?"

आतून फक्त फुस्स फुस्स.

"रात लंबी हाय मालक. तेहतीस पहाटे हाय. आता तं जास्त असंन."

"वाजवलं व्हतं! लय वेळ वाजवलं. ऐकू आलतं मले!"

"अन् दारू?"

"नवती घेत ते. म्या... म्या आपलं म्हटलं."

"मांगच्या लोकाले ऐकू नाई आलं."

"नवती घेत!" तो असा ओरडला का आवाज फाटला. "रुपीबाई दारू नवती घेत!"

इंद्रजित नाईकानं बाजूनं म्हटलं, "धरम, झालं. उघड."

मी नाई उठलो. मले अजून इचाराचं व्हतं. काय ते ठाऊक नवतं, पण अजून काई तरी पाह्यजे व्हतं त्याच्यातून. म्या तानाबाईकडं पाह्यलं. वाटलं, ते रडन, हात जोडन, अन् मंग मी उघडीन. तिच्यावरबी राग व्हताच माहा. ते रडली नाई.

"म्यापण ऐकलं व्हतं धरमभाऊ," ते म्हणाली. "मी उठली व्हती. यायनं म्हटलं, बाया धिंगाणा करून राह्यल्या, झोप. मी झोपली."

चावी म्या तिच्यापुढं धरली. "तुमी उघडता का?"

"नाई. तुमीच उघडा. माह्या हातानं उघडाची रात निघून गेली."

म्या कुलूप काढलं. शटर वर गेलं तसा आतून असा भपका आला का मांगची माणसं दोन पावलं सरकली. भगवानराव चार पायावर बाहेर आला. गालाले फरशीची माती लागेल, नाकाचा शेंडा सोलेल. रोडच्या कडेले जाऊन उलटी केली. त्याच्या माणसाइनं त्याले डॉक्टरकडं नेलं, सलाइन लावलं, सकाळलोक ठणठणीत.

सकाळी मीच त्याले न्याले गेलो. ठाण्यात जाचं व्हतं. हंसाबाई येत व्हती, तानाबाई येत व्हती, इंद्रजित नाईक पाय दुखत असताना येत व्हता. भगवानराव येणार नाई असं लोक म्हणत. पण कुठं जाईन? आख्ख्या बाजारानं ऐकलं व्हतं, अन् घरात त्याची बायकोच लुगडं नेसून, पदर खोचून तयार उभी व्हती. तो आला. मधल्या सीटवर, दोन बायाइच्या मंदी बसला.

उज्ज्वलाताई मले मंग म्हणे, काका, तुमी गुन्हा केला, त्याले काई झालं असतं म्हणजे? म्या म्हटलं, हो केला, साहेबाले तेबी सांगतलं, लिहून घ्या म्हटलं. लोक इचारते, धरमभाऊ, पस्तावा होते का? नाई होत. खोटं कायले बोलू? झोप मस्त लागते मले. एकच वाटते का थोडं लवकर उघडलं.

तर त्या सकाळी गाडी चालू केली. आभाळ फाटलं व्हतं, वारा सुटला व्हता. जीप जरा पुढं गेली अन् मांगून भगवानरावाचा आवाज आला, बारीक.

"धरमसिंग, काच खाली कर ना."

"खालीच हाय मालक," म्या म्हटलं. "सगळ्या खालीच हाये."

थोडं पुढं गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "काच खाली कर रे."

म्या आरशात पाह्यलं, त्याच्या कपाळावरून घाम वाहून राह्यला व्हता, भर वाऱ्यात. मले ठाण्यात जाची घाई नवती. म्या गाडी अजून हळू केली.